ओंटारियोला निघण्याआधी २४ व्होल्ट शीक

तू लिहिलंस की आयटीआयचा एसी-फ्रिजचा ट्रेड झालाय, सांगलीत सहा वर्षं स्प्लिट एसी बसवतोस आणि दुरुस्त करतोस, आता कॅनडात ओंटारियोला यायचंय, तर निघण्याआधी काय शिकू? मी ब्रॅम्प्टनमध्ये हेच काम करतो. माझं उत्तर एकच: कंट्रोल वायरिंग शीक. गॅस भरणं, ब्रेझिंग, कॉम्प्रेसर बदलणं तुला येतंच. पण इथे अर्धं वर्ष काम असतं ते घर तापवणाऱ्या गॅस फर्नेसचं, आणि तिथे हात अडतो तो कंट्रोलमध्ये.

विहिरीवरच्या मोटरचा स्टार्टर उघडून बघितला असशीलच. हिरवं बटण दाबलं की कॉइल ओढते, बटण सोडलं तरी मोटर चालू राहते, आणि ओव्हरलोड रिले पडला की कॉइलचीच वाट तुटते. इथेही तोच विचार, फक्त २४ व्होल्ट एसीवर. फर्नेसमधला ट्रान्सफॉर्मर १२० चे २४ करतो. थर्मोस्टॅटला बारीक तारा जातात: आर म्हणजे पुरवठा, सी परतीची वाट, डब्ल्यू हीटिंग, वाय कूलिंग, जी पंखा. घर थंड पडलं की थर्मोस्टॅट आरला डब्ल्यूशी जोडतो.

मग क्रम सुरू होतो. धूर ओढणारा छोटा पंखा फिरतो, त्याच्या ओढीने प्रेशर स्विच लागतो, इग्नायटर लालभडक होतो, गॅस व्हॉल्व्ह उघडतो, ज्योत पेटते. ज्योतीत एक दांडी असते, ती फर्नेसच्या कंट्रोल बोर्डाला ‘पेटलं’ म्हणून कळवते. तो करंट असतो जेमतेम काही मायक्रोअँप. दांडीवर थर बसला की निरोप पोचत नाही. ज्योत पेटते, काही सेकंदांत विझते, पुन्हा पेटते, पुन्हा विझते. दांडी काढून बारीक स्टील वूलने घासली की फर्नेस चालू. बाहेर उणे वीस आणि घरात तान्हं बाळ असताना या पाच मिनिटांच्या कामाचं मोल फार मोठं असतं.

दोष शोधायची एक रीत हातात बसव. मीटरची एक प्रोब सीवर ठेवायची, दुसरी फर्नेसच्या वायरिंग आकृतीतल्या क्रमाने एकेका स्विचच्या पुढे न्यायची. ज्या स्विचनंतर २४ जाऊन शून्य आलं, तो उघडा. पण लगेच बदलू नकोस, तो का उघडला ते बघ. लिमिट स्विच, म्हणजे फर्नेस जास्त तापली की तोडणारा, उघडला तर फिल्टर तुंबलेला असू शकतो. प्रेशर स्विच लागत नसेल तर बाहेर धुराच्या पाइपच्या तोंडाशी बर्फ साचलेला असू शकतो. आणि सेफ्टी स्विचला बायपास करून फर्नेस चालू ठेवून कधीही निघायचं नाही, समोरच्याने कितीही गळ घातली तरी. धुरातला कार्बन मोनॉक्साइड विषारी असतो आणि त्याला वास नसतो.

माझ्या पहिल्या हिवाळ्यात एका घरी बोर्डावरचा ३ अँपचा फ्यूज उडाला होता. नवा बसवला, उडाला. आणखी एक, तोही उडाला. थर्मोस्टॅटची केबल तळघरात एका स्टेपलखाली चिरडून आर आणि सी एकमेकांना टेकले होते. बोर्डावरून तारा सोडवून एकेक तपासली असती तर दहा मिनिटांत सापडलं असतं. त्यात तास गेला, आणि घरातल्या आजी तोवर कोट घालून बसून होत्या. ते अजून मनाला लागतं.

सरावासाठी पुण्यात पासोड्या विठोबापाशी किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला जा. २३० चे २४ करणारा ट्रान्सफॉर्मर, २४ व्होल्ट एसी कॉइलचे दोन रिले, चार टॉगल स्विच, बल्ब आणि फ्यूज घेऊन प्लायवूडवर मांड. आधी आकृती, मग वायरिंग. मित्राला तुझ्या नकळत एक तार सोडायला सांग आणि मीटरने शोध.

कागदांचं थोडक्यात. इथे हा ट्रेड परवान्याचा आहे, त्याचा कोड ३१३ए. परीक्षेला थेट बसायचं तर स्किल्ड ट्रेड्स ओंटारियो ही इथली ट्रेडची संस्था आधी तुझा अनुभव तपासतं, म्हणून मालकाकडून कामाचे तास आणि स्वरूप लिहिलेलं लेटरहेडवरचं पत्र आताच घे. गॅसचं लायसन्स वेगळं, टीएसएसए या सुरक्षा संस्थेचं, आधी जी३ मग त्यावरची पायरी जी२.

प्लायवूडवरच्या मांडणीची आकृती काढलीस की फोटो पाठव, बघून सांगतो.