पंखा बंद करून बस

पुणे, आषाढ

बाळ,

परवा मी बाहेर गेलो होतो तेव्हा तू काडेपेटी ठेवून गेलीस. तुझ्या काकूला वाटलं खरोखरची काडेपेटीच आहे, तिने ती देवघरात नेऊन ठेवली. संध्याकाळी दिवा लावायला उघडली तर आत तीन केसाळ किडे! पुढचं सांगत नाही. पण काकू फसली म्हणजे चिलापी मासासुद्धा फसेल, तेव्हा हात बरा बसतोय असं समज.

तिन्ही फ्लायमध्ये, म्हणजे मासा फसावा म्हणून गळावर दोरा-पिसं बांधून केलेल्या या खोट्या किड्यांत, खोट एकच आहे. गळाचा डोळा, म्हणजे लाइन ओवायचं भोक, बुजलाय. एकात तर मला टाचणीसुद्धा घालता आली नाही, मग लाइन कुठून ओवणार? दोरा गुंडाळायला घेतेस तेव्हाच डोळ्यामागे आणखी एका डोळ्याएवढी जागा मोकळी सोड आणि शेवटची गाठ मारेपर्यंत तिकडे फिरकू नकोस. पीस बांधताना वाटतं, अजून दोन वेढे मावतील. मावतात, आणि तिथेच घात होतो. पहिली दोन वर्षं मी पाण्याकाठी बसून टाचणीने डोळे उकरत असायचो आणि बरोबरीची माणसं मासे धरत असायची.

आता फ्लाय बांधायच्या सामानाची तुझी ती यादी. एकोणीस वस्तू लिहिल्यास, त्यांतल्या तीन विकत घे. गळ धरायचा व्हाइस, बारीक टोकाची कात्री आणि चांगले गळ. टूलरूममध्ये तीस वर्षं काढूनही व्हाइसचा जबडा घरी करायच्या भानगडीत मी दोनदा पडलो आणि दोनदा तोंडावर आपटलो. साधं लोखंड घेतलं तर गळाची कडक तार त्यात खड्डा पाडते, मग गळ हलायला लागतो. पाणी देऊन कडक करायला गेलो तर जबडा तडकला. कात्रीने फक्त दोरा आणि पिसं काप, तारेला घरातली जुनी कात्री आहे.

उरलेल्या सोळांपैकी निम्म्या वस्तू तुला लागणारच नाहीत. शेवटची गाठ मारायच्या अवजाराला तर सहा महिने हातच लावू नकोस, दोन बोटांनी ती गाठ मारायला शीक. बोटांना एकदा कळलं की अंधारातही जमतं. तोवर रिकाम्या बॉलपेनच्या टोकावरून एकेरी फास सरकवून काम भागतं. पिसं विंचरायची, डिंक लावायची सुई म्हणजे बाटलीच्या बुचात खोचलेलं दाभण. आणि तो डिंक म्हणजे काकूचं बिनरंगाचं नेलपॉलिश. पिसाचं टोक धरायचा चिमटा तपकीर गल्लीत मिळेल. वायर जोडायची क्रोकोडाइल क्लिप घे, तिचे दात कानसून सपाट कर आणि वर रबरी नळीचे दोन तुकडे चढव. दात तसेच ठेवलेस तर पीस नेमकं तिसऱ्या वेढ्याला तुटेल.

बॉबिनची गोष्ट मात्र सविस्तर सांगतो, कारण तिने मला सगळ्यात जास्त छळलं. दोऱ्याचं रीळ दोन बाजूंनी दाबून धरायचं आणि दोरा एका नळीतून बाहेर काढायचा, एवढंच तिचं काम. मी सायकलचा आरा वाकवून दोन पाय केले. जनावरांच्या इंजेक्शनची कोरी जाड सुई आणून तिचं तिरकं टोक घासून सरळ केलं, ती तांब्याच्या तारेने मध्ये बांधली आणि वर एम-सील लावलं. दिसायला झकास. बांधायला बसलो की सातव्या-आठव्या वेढ्याला दोरा तुटायचा. मी दोऱ्याला शिव्या दिल्या. रविवार पेठेतली तीन दुकानं बदलली, प्रत्येक ठिकाणी दोरा ओढून दाखवत वाद घातला. शेवटी एका रात्री भिंग लावून नळीचं तोंड पाहिलं. आतल्या कडेला बर होता, म्हणजे घासताना राहिलेला धातूचा धारदार कण, केसाएवढा. दिवसभर दुसऱ्याच्या कामातले बर शोधून काम परत पाठवणारा मी!

उपाय सोपा आहे. नळीच्या भोकापेक्षा थोडा जाड ड्रिल बिट बोटांतच धरून तोंडावर दोन-तीन वेळा हलके फिरव, म्हणजे कड मोडेल. मग सुती दोऱ्याला पितळेचं पॉलिश लावून तो नळीतून आरीसारखा मागेपुढे ओढ. नुसता सरळ ओढू नकोस, तोंडाशी वाकवून चारी बाजूंनी फिरव. अर्धा तास तरी लागतो. झालं की नाही हे वात सांगते. समईची बारीक वात नळीतून ओढून काढ आणि कडेला कापसाचा एक तंतू जरी अडकला तरी पुन्हा पॉलिशला बस. ती बॉबिन मी आजही वापरतो. बाजारातली एक नंतर घेतली, तिचीही आधी वात घालून परीक्षा केली.

दोरा म्हणशील तर मशीनवरच्या भरतकामाचा चालतो, शिवणाचा जाड पडतो. बांधता बांधता त्याला पीळ बसत जातो. म्हणून मधूनमधून बॉबिन लोंबती सोडून उलटी गरकन फिरव, दोरा चपटा होतो आणि वेढे एकावर एक चढत नाहीत. फ्लायला किड्यासारखे डोळे लावायला बेसिनच्या बुचाची मण्यांची साखळी घे आणि दोन-दोन मणी तोड. फ्लाय पाण्यात खाली न्यायला तेवढं वजन पुरतं.

तांब्याची तार तपकीर गल्लीत वाइंडिंगवाल्यांकडे मिळते, केसासारखी बारीक माग. इंग्लंडमध्ये एव्हन नदीचा राखणदार फ्रँक सॉयर फेझंट पक्ष्याच्या शेपटीच्या पिसाची निंफ, म्हणजे पाण्याखालच्या अळीसारखा फ्लाय, बांधायचा. तिच्यात दोरा नसतोच, बांधायला आणि वजनाला तीच एक तार. आपल्याकडे तो फेझंट कुठला, पण मोरपिसाच्या धाग्यावर तसंच करून बघ. मोरपीस ठिसूळ, माशाच्या दातांनी लगेच उसवतं. म्हणून वरून तार उलट्या दिशेने फिरवायची.

पिसांच्या बाबतीत मात्र नियम पाळ. आपोआप गळलेलं मोरपीस देशात बाळगता येतं, परदेशात पाठवता येत नाही. रानपक्ष्याचं पीस वाटेत पडलेलं दिसलं तरी उचलू नकोस. जुन्या इंग्रजी सॅमन फ्लायवर पिवळसर मेणाचे थेंब असावेत तशी पिसं दिसतात ना, ती आपल्याच सह्याद्रीतल्या राखाडी रानकोंबड्याच्या मानेची. त्या हौसेपायी किती पक्षी गेले असतील! तू खाटकाकडून गावरान कोंबड्याची मान घे. भांड्यांच्या साबणाने कोमट पाण्यात धू, सावलीत वाळव आणि पिशवीत बांधून आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेव, म्हणजे किडे मरतील. पिशवीवर नाव लिही. माझ्या घरी न लिहिल्याने एकदा महाभारत झालंय. पावसाळ्यात डब्यात डांबरगोळ्या टाक, बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्याही टाक, नाहीतर पिसांना बुरशी आणि गळांना गंज.

सवयींबद्दल विचारलंयस. माझ्या सवयी माझ्या खांद्याला आणि चष्म्याला सोयीच्या आहेत, त्या तशाच उचलू नकोस. मी गळामागे फिकट हिरवा पुठ्ठा उभा करतो, तुला राखाडी बरा वाटेल. पण दोन गोष्टी ऐक. गळाचा उलटा काटा बांधायच्या आधी पकडीने दाबून टाक. गळ तुटणार असेल तर तेव्हाच तुटू दे, तासभराची मेहनत त्याच्यावर चढवल्यावर नको. आणि एक नमुना घेतलास की त्याचे बाराच्या बारा बांध. पहिले चार वाईट होतील. पाचव्यापासून हात स्वतःचं ऐकायला लागतो. आणि हो, पंखा बंद कर. मे महिन्यात घामाने निथळत बसावं लागतं, पण पंख्याखाली मऊ पीस उघडलंस तर ते आमटीत सापडतं.

महसीर माशाची घाई नको. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली आपल्या मुळा-मुठेतल्या महसीरला शास्त्रीय नाव दिलं, तेव्हा ‘खुद्री’ हा शब्द इथल्याच लोकांकडून घेतला. आज त्याच माशाची पिल्लं लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या केंद्रात वाढवावी लागतात. तो कधी लागलाच तर ओल्या हाताने सोडवून परत पाण्यात सोड. सध्या चिलापी पुरे, आणि पाऊस ओसरला की मरळ.

मरळीसाठी तरंगता फ्लाय लागतो. त्याला जुन्या हवाई चपलेचं रबर उत्तम. छत्रीच्या दांडीची नळी एका टोकाला धार लावून साबणाच्या पाण्यात बुडवायची आणि रबरावर दाबून फिरवायची, की गोल गुंडी सुटून येते. माझी नळी बोथट झालीय. रविवारी सकाळी जुन्या बाजारात जाणारच आहे, तू आठपर्यंत पोच. चपला माझ्याकडे आहेत. तुझ्या आजीची मोडकी छत्री माळ्यावर पडलीय म्हणाली होतीस, तिला विचारून ती घेऊन ये.

तुझा,
काका