इंग्रजीतला ‘डिअर’ (हरीण) पूर्वी कुठलाही प्राणी होता का? असे जुने अर्थ शोधतात कसे, आणि स्कॉटलंडच्या स्कॉट्स भाषेत तेच शब्द वेगळ्या अर्थाने का येतात?

हो, खरं आहे. जुन्या इंग्रजीत ‘देओर’ म्हणजे जनावर, विशेषतः रानातलं. त्याचा जर्मन भाऊबंद ‘टिअर’ आजही प्राणी याच अर्थाने चालतो. आपल्याला हे ओळखीचं वाटेल, कारण ‘मृग’चंही असंच झालं. मृग म्हणजे मुळात वन्य पशू; म्हणून सिंह मृगेंद्र, माकड शाखामृग आणि शिकार मृगया. आज मराठीत मृग म्हटलं की हरीण, नाहीतर नक्षत्र.

जुना अर्थ ठरतो तो दाखल्यांवरून. शब्द कुठल्या साली, कुठल्या वाक्यात आला हे गोळा करून ऑक्सफर्डचा मोठा कोश उभा राहिला. पण कोश एकेका शब्दाची गोष्ट सांगतो. ‘डिअर’ आक्रसला हे त्यात दिसतं, त्याची जागा कोणी घेतली हे दिसत नाही. त्यासाठी उलटं जावं लागतं: अर्थ धरायचा आणि विचारायचं, ‘जनावर’ याला कुठल्या शतकात काय म्हणत होते? मग चित्र उलगडतं. नॉर्मन राजवटीनंतर फ्रेंचमधून ‘बीस्ट’ आला आणि ती जागा बळकावून बसला. पुढे लॅटिनमधला ‘ॲनिमल’ रूढ झाला, तेव्हा ‘बीस्ट’कडे क्रूरपणाची छटा उरली. ‘डिअर’ शिकारीच्या मुख्य प्राण्यापुरता राहिला. शब्द एकटा बदलत नाही, शेजारी त्याला ढकलतात. मला या अभ्यासात सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच.

अर्थाकडून शब्दाकडे जाणारा असा कोश ग्लासगो विद्यापीठात मायकेल सॅम्युएल्स यांनी १९६५ साली हाती घेतला. सगळं काम कागदी चिठ्ठ्यांवर. १९७८ मध्ये इमारतीला आग लागली. चिठ्ठ्या लोखंडी कपाटात होत्या म्हणून वाचल्या. क्रिश्चन के आणि सहकाऱ्यांनी तो २००९ मध्ये पूर्ण केला. सुमारे ८ लाख अर्थ, ४४ वर्षं! मी त्यापुढे मनापासून नतमस्तक आहे.

आता स्कॉट्स. ती बिघडलेली इंग्रजी नव्हे, जुन्या इंग्रजीच्या उत्तरेकडच्या बोलीतून वाढलेली बहीण आहे. बहिणींमध्ये एकीने जुनं जपलं आणि दुसरीने टाकलं, असं होतंच. ‘शिक्षा’ हिंदीत शिक्षण राहिली, मराठीत दंड झाली. १६११ च्या इंग्रजी बायबलच्या आरंभी देव माणसाला वनस्पती आणि फळं ‘मीट’ म्हणून देतो. पहिल्यांदा वाचताना मी तिथे अडखळलो होतो. तेव्हा ‘मीट’ म्हणजे नुसतं अन्न. प्रमाण इंग्रजीत पुढे मांसच उरलं, स्कॉट्समध्ये अन्न हा अर्थ टिकला. स्कॉट्सचे दोन मोठे कोश, एक १७०० पर्यंतचा आणि एक त्यानंतरचा, आज इंटरनेटवर एकत्र आणि फुकट पाहता येतात.

तिथे ‘ग्लॅमर’ जरूर काढून बघा. हा ‘ग्रामर’चाच स्कॉट्स अवतार. मध्ययुगात व्याकरण म्हणजे लॅटिन विद्या, आणि न शिकलेल्यांच्या लेखी विद्या म्हणजे मंत्रतंत्र. त्यामुळे ‘ग्लॅमर’ म्हणजे डोळ्यांवर टाकलेली जादू. कवी-कादंबरीकार वॉल्टर स्कॉटच्या लेखनातून तो इंग्रजीत पसरला आणि सौंदर्याकडे झुकला. जुन्या स्कॉट्स मजकुरात तो भेटला, तर मी मराठीत बेधडक ‘नजरबंदी’ लिहितो.