उबंटूवर एपीटी वापरावे की स्नॅप?

उबंटू या लिनक्स प्रणालीवर प्रोग्राम बसवण्याची एपीटी आणि स्नॅप ही दोन साधने आहेत. शक्य तिथे एपीटीच वापरावे, असे माझे मत आहे. एपीटी सामायिक लायब्ररी (अनेक प्रोग्रामना लागणारा तयार कोड) एकदाच बसवते आणि सर्व प्रोग्रामना वापरू देते; स्नॅप मात्र बहुतेक लायब्ररी प्रोग्रामसोबतच एका संकुचित फाइलीत बांधून आणते व ती फाइल वेगळ्या डिस्कसारखी जोडते, त्यामुळे जागा अधिक लागते आणि जुन्या हार्ड डिस्कवर प्रोग्राम पहिल्यांदा उघडताना रेंगाळतो. डिस्कची यादी दाखवणारी ‘एलएसबीएलके’ ही आज्ञा चालवल्यावर दिसणारी लूप उपकरणांची (डिस्कसारख्या जोडलेल्या फाइलींची) रांग याचीच. गंमत म्हणजे उबंटूच्या २२.०४ आवृत्तीपासून ‘एपीटी इन्स्टॉल फायरफॉक्स’ अशी आज्ञा दिली तरी बसतो तो स्नॅपच. स्नॅपचा एक फायदा मात्र आहे: प्रोग्रामची नवी आवृत्ती बिघडली, तर ‘स्नॅप रिव्हर्ट’ने लगेच मागची आवृत्ती मिळते; एपीटीत हे इतके सोपे नाही.