रीसेटमधला 'री' म्हणजे नुसतं 'पुन्हा' नव्हे

एका वाचकाचा प्रश्न आहे: नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरवरचं (कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रॅमवरचं) टिपण मराठीत लिहिताना 'रीसेट' आणि 'इनिशियलाइझ' या दोन्हींसाठी 'पुनर्स्थापना' वापरलं तर चालेल का? की 'इनिशियलाइझ'साठी एका परिभाषासूचीत 'प्रारंभीकरण' सापडलं आहे, ते घ्यावं?

'पुनर्स्थापना' तर लिहूच नका. पुढे 'स' आला की 'पुनर्'मधला रेफ टिकत नाही, त्याचा विसर्ग होतो. शब्द 'पुनःस्थापना' असा आहे. पण शुद्ध लिहिला तरी इथे तो उपयोगाचा नाही, कारण या दोन क्रिया एक नव्हेत. अशा वेगळ्या क्रिया एक समजण्याची सवय आपल्याला घरातच लागते. 'राउटर रीसेट कर' असं सर्रास सांगतात, मनात असतं 'बंद करून चालू कर'. ऐकणारा टाचणी शोधतो, मागचं बारीक छिद्र दाबतो आणि वाय-फायचं नाव, पासवर्ड, सगळी सेटिंग्ज पुसून बसतो. रीस्टार्ट आणि रीसेट यांत एवढं अंतर आहे, आणि ते पाळायला काहीच कष्ट पडत नाहीत.

ड्रायव्हरमध्ये काय होतं ते पाहा. रिअलटेकची आरटीएल ८१३९ ही स्वस्त कार्डांवर एके काळी सगळीकडे दिसणारी चिप. लिनक्समधला तिचा ड्रायव्हर कमांड रजिस्टरमधला (हुकूम लिहिण्याच्या चिपवरच्या जागेतला) रीसेटचा बिट १ करतो आणि वाट पाहतो. काम उरकलं की चिप तो बिट स्वतःच ० करते. ड्रायव्हर दर १० मायक्रोसेकंदांनी डोकावतो, जास्तीत जास्त १००० वेळा. इथे रीसेट संपला. या क्षणी चिपला माहितीची पाकिटं घेणं-पाठवणं काहीही ठाऊक नसतं. मग दुसरं काम सुरू होतं: मॅक पत्ता (कार्डाची स्वतःची ओळख) पुन्हा लिहायचा, पाठवणं आणि घेणं चालू करायचं, आलेली पाकिटं मेमरीत कुठे टाकायची तो पत्ता द्यायचा, कोणती पाकिटं स्वीकारायची ते सांगायचं आणि सगळ्यात शेवटी इंटरप्ट (चिपने प्रोसेसरला मारायच्या हाका) उघडायचे. हे इनिशियलायझेशन. पहिल्या कामात चिप आपलं चालू काम विसरते, दुसऱ्यात तिला पुन्हा शिकवलं जातं. दोन्हींना एकच शब्द दिला तर विद्यार्थ्याला हे कधीच कळणार नाही.

आता 'रीसेट'कडे. इंग्रजी 'सेट' हे 'सिट'चं प्रयोजक रूप आहे. जुन्या इंग्रजीत 'सित्तान' म्हणजे बसणे, 'सेत्तान' म्हणजे बसवणे. मूळ धातू तोच, जो संस्कृतात सद् म्हणून आहे. सदन, परिषद, उपनिषद त्यातूनच आले, आणि 'सेत्तान'चा सख्खा भाऊ म्हणजे 'सादयति'. स्था धातू वेगळा, त्यात उभं राहणं आहे. म्हणजे 'पुनःस्थापना' करणाऱ्यांनी बसलेल्याला उभं केलं! मराठीची जाण इथे जास्त नेमकी आहे. पोथीत मूर्तीची स्थापना होते, मराठी माणूस गणपती बसवतो, घट बसवतो, विस्कटलेली घडीही बसवतो.

आणि 'री'? कोशकार सहसा डोळे मिटून 'पुनः' लावतात. लॅटिनमध्ये 're'चा अर्थ 'पुन्हा' आहे तसाच 'मागे'ही आहे. इलेक्ट्रॉनिक्समध्ये तर हा 'मागे' उघडच दिसतो. फ्लिप-फ्लॉपला (एक बिट लक्षात ठेवणाऱ्या सर्किटला) 'सेट' केलं की १, 'रीसेट' केलं की ०. 'री' म्हणजे निव्वळ 'पुन्हा' असतं तर रीसेटनंतरही १च मिळायला हवा होता. रीसेट म्हणजे सेट पुन्हा करणं नव्हे, सेट मागे घेणं. माझ्या मते चिपमधल्या रीसेटचा जीव याच अर्थात आहे, आणि 'पुनः'वाले तो गमावतात. मराठीत मात्र एक शब्द असा आहे की ज्यात 'री'चे दोन्ही अर्थ नांदतात: परत. 'परत ये' म्हणजे मागे ये, 'परत सांग' म्हणजे पुन्हा सांग. असा शब्द घरात असताना 'पुनः' कशाला शोधत बसायचं?

'प्रारंभीकरण' तर व्याकरणानेच बाद होतं. '-ईकरण' हा संस्कृत व्याकरणातल्या च्वि प्रत्ययाचा प्रकार. जे जसं नव्हतं ते तसं करणं, हा त्याचा अर्थ. शुद्ध नव्हतं ते शुद्ध केलं, म्हणून शुद्धीकरण (आणि ते 'शुद्धिकरण' नव्हे). या न्यायाने प्रारंभीकरण म्हणजे जे प्रारंभ नव्हतं त्याला प्रारंभ बनवणं. नेटवर्क कार्डाला कोणी 'प्रारंभ' बनवत नाही. परिभाषा घडवणाऱ्यांनी प्रत्यय चिकटवण्याआधी त्याचा अर्थ पाहायला हवा होता.

मला सगळ्यात मोहवणारी गोष्ट वेगळीच आहे. 'इनिशियल'च्या मुळाशी लॅटिन 'इनितियुम' आहे, म्हणजे आरंभ, पण शब्दशः 'आत जाणं', प्रवेश. इंग्रजीत रीसेट बसण्याच्या धातूवरून आला, इनिशियलाइझ आत जाण्याच्या. दोन क्रिया, दोन धातू. आपल्याकडे 'प्रवेश' विश् धातूपासून आला, आणि 'बसणे'सुद्धा! उपविशति, मग प्राकृतातून जुन्या मराठीतलं 'बैसणे', मग 'बसणे'. सद् धातू आपल्याकडे परिषदांत आणि सदनांत राहिला, रोजच्या बसण्याचं काम विश्ने घेतलं. म्हणजे बसणं आणि आत जाणं ही दोन्ही कामं मराठीत एकाच धातूच्या लेकरांकडे आहेत. 'बसणे' थेट सद्पासून ओढून काढणारे मला अधूनमधून भेटतात. त्यांनी 'बैसणे'तला 'ऐ' कुठून आला ते आधी सांगावं.

टिपणात 'रीसेट' हा शब्द देवनागरीत तसाच ठेवा, आणि पहिल्यांदा येईल तिथे 'परत मूळपदावर आणणे' असं फोडून सांगा. इनिशियलाइझसाठी 'घडी बसवणे' लिहा, कारण या 'बसवणे'त 'प्रवेश'चाच धातू आहे.