वहीतली नावं

सोलापूर, रविवार

अनेक आशीर्वाद.

तुझा मेल बुधवारीच आला. दोन ओळींत उरकण्यासारखा नव्हता, म्हणून रविवारची वाट पाहिली. लायबेरियाच्या राजधानीतली, मनरोव्हियाची नोकरी पक्की झाली, छान झालं. आई घाबरल्यात म्हणतोस, तर त्यांना सांग की लायबेरियातलं युद्ध 2003 सालीच संपलं. आता तिकडे भ्यायचं ते डासाला. मलेरियाच्या गोळ्या चुकवू नकोस. मी चुकवल्या होत्या.

नेमणूकपत्रात 'युद्धोत्तर पुनर्वसनात महिलांचा सहभाग वाढवणे' असं काम लिहिलंय, आणि तू विचारतोस, ताई, त्या बायकांना काय शिकवू? शिकवायचं तूर्त राहू दे. मी 2008 मध्ये गेले तेव्हा माझ्याही बॅगेत बचत गटाच्या प्रशिक्षणाची पुस्तिका होती. आपल्या मोहोळ-माढ्याकडे वापरलेलीच, फक्त इंग्रजी करून घेतलेली. पहिल्याच आठवड्यात मनरोव्हियाजवळच्या पेनेसविलला 'रेड लाइट' नावाच्या बाजारात एका मिरचीवालीसमोर बसून तिला मी बचतीचं महत्त्व पटवायला लागले. बिचारीने सगळं ऐकून घेतलं. मग फळीखालून एक वही काढली. तेवीस बायकांची नावं, रोजचा ठरलेला हप्ता, आणि दर आठवड्याला एकीच्या हातात सगळी रक्कम. तिकडे तिला 'सुसु' म्हणतात. म्हणजे आपली भिशी की! युद्धात बाजार लुटला गेला तेव्हा माल सोडून ती पळाली होती, पण वही लप्पाच्या (आपण लुंगी गुंडाळावी तसं तिकडच्या बायका नेसतात त्या कापडाच्या) गाठीत बांधून. त्यानंतर ती पुस्तिका मी बॅगेतून काढली नाही.

ही वही लक्षात ठेव. पुढे मी जे सांगणार आहे ते सगळं याद्यांचंच आहे.

इतिहास तू वाचून जाशीलच, मी थोडक्यात सांगते. 1989 च्या नाताळात चार्ल्स टेलरने बंड केलं, 1997 साली तोच निवडून येऊन राष्ट्राध्यक्ष झाला, आणि 1999 पासून त्याच्याविरुद्ध दुसरे बंडखोर उभे राहिले. या सगळ्यात अंदाजे अडीच लाख माणसं गेली. एप्रिल 2003 मध्ये लेमा ग्बोवी या सामाजिक कार्यकर्तीने चर्चमधल्या बायका गोळा केल्या. आसातू बा केनेथ या पोलीस खात्यातल्या मुस्लिम बाईने आपल्या समाजातल्या बायका आणल्या. दोघींच्या मिळून बायका पांढरे कपडे घालून मासळी बाजाराजवळच्या मैदानात जाऊन बसल्या. जागा विचार करून निवडलेली: टेलरच्या गाड्यांचा ताफा त्याच रस्त्याने जायचा.

त्या मैदानात बसलेल्या एका म्हातारीला मी विचारलं होतं, सगळ्यात अवघड काय गेलं? मला वाटलं सैनिकांचं नाव घेईल. ती म्हणाली, पाऊस आणि बसभाडं. मनरोव्हियाचा पाऊस म्हणजे आपला रत्नागिरीचा, वर आणखी बराच. रोज जायचं-यायचं भाडं कोण देणार, घरी पोरांना भात कोण घालणार, याची पाळी त्यांनी आपसात लावून घेतली होती. जगाला त्या आंदोलनातला 'नवऱ्यांशी संबंध बंद'चा भाग तेवढा आठवतो, कारण तो पत्रकारांना आवडला. आंदोलन टिकलं ते पाळीवर. तुझ्या बजेटमध्ये 'कार्यशाळा' या रकान्यासमोर मोठा आकडा असेल आणि 'प्रवासभत्ता व मुलं सांभाळणं' यासमोर शून्य. तो शून्य खोडून घे, पहिल्याच महिन्यात. नंतर कुणी ऐकत नाही.

घानात अक्रा शहरात जूनमध्ये वाटाघाटी सुरू झाल्या. बंडखोरांचे पुढारी चांगल्या हॉटेलात राहून मंत्रिपदं वाटून घेत होते आणि तिकडे मनरोव्हियावर तोफगोळे पडत होते. 21 जुलैला या बायका सभागृहाच्या दाराशी हातात हात अडकवून बसल्या: तह केल्याशिवाय कुणी बाहेर यायचं नाही. रक्षक पकडायला आले तेव्हा ग्बोवी उभी राहिली आणि अंगावरचे कपडे काढायला लागली. पश्चिम आफ्रिकेत आईच्या वयाच्या बाईने असं नागवं होणं म्हणजे बघणाऱ्याला शाप. रक्षक मागे सरले. (पुढच्याच वर्षी, जुलै 2004 मध्ये, इंफाळला कांगला किल्ल्यासमोर बारा मणिपुरी आयांनी हेच केलं. त्यांच्या समोर मात्र आपलेच जवान होते, आसाम रायफल्सचे. हे तिकडे कुणी विचारलं तर तोंड चुकवू नकोस.) मध्यस्थ होते नायजेरियाचे जनरल अबुबकर. त्यांनी बायकांची बाजू घेतली, बोलण्यांना वेग आला. 11 ऑगस्टला टेलरने खुर्ची सोडली, 18 ऑगस्टला करार झाला.

करारावर पुढाऱ्यांच्या सह्या. बायकांच्या वाट्याला फार तर साक्षीदाराची जागा.

खरी गडबड पुढे झाली. करारानंतर बंदुका गोळा करायच्या ठरल्या. बंदूक आणा, नाव नोंदवा, दोन हप्त्यांत तीनशे डॉलर आणि पुढे प्रशिक्षण. 7 डिसेंबर 2003 ला मनरोव्हियाजवळच्या शिफलिनच्या छावणीत सुरुवात केली, तर अपेक्षेच्या कितीतरी पट माणसं येऊन धडकली. पैशावरून गोळीबार, दंगल, माणसं मेली, आणि कार्यक्रम थांबवून एप्रिलमध्ये पुन्हा सुरू करावा लागला. आधीचा अंदाज 38,000 लढवय्यांचा होता, शेवटी नावं नोंदवली लाखाहून जास्त जणांनी. बंदुका मात्र 28,000 च्या आसपासच निघाल्या. इतकी चूक कशी झाली? एक कारण हे की मोजणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर लढवय्या म्हणजे बंदूकवाला पुरुष होता. पाणी वाहणाऱ्या, रांधणाऱ्या, दारूगोळ्याची पेटी डोक्यावर नेणाऱ्या, कमांडरने 'बायको' म्हणून ठेवून घेतलेल्या मुली त्यांच्या हिशोबात नव्हत्या. काहींनी तर स्वतः गोळ्या झाडल्या होत्या, पण शेवटी बंदूक कमांडरने काढून घेतली आणि आपल्या भाच्याला दिली. तीनशे डॉलर भाच्याला! पुढे शस्त्राशिवाय येणाऱ्या बायकांना वेगळ्या गटात घेतलं गेलं, तेव्हा 22,000 च्या आसपास बायकांची नोंद झाली. तरी बऱ्याच जणी आल्याच नाहीत. ओळखपत्रावर फोटो आला की आयुष्यभराचा शिक्का बसेल, लग्न होणार नाही, अशी भीती. यादीत नाव येणंही कधी महागात पडतं, हेही ध्यानात ठेव. नाव घेताना विचारून घे, आणि कागद कुठे ठेवणार ते सांग.

आता माझी चूक सांगते. बाँग परगण्यात आम्ही भाताचं बियाणं वाटलं. अर्जात एक रकाना होता, 'कुटुंबप्रमुख'. अर्ज मी केला नव्हता, वरून आला होता, पण मी तो वाचला होता आणि मला काही खटकलं नव्हतं. आपल्या रेशनकार्डावर तेव्हा तेच असायचं ना. बायकांनी सवयीने नवऱ्यांची नावं सांगितली. त्यातले काही नवरे मेलेले, काही दहा वर्षं बेपत्ता. वाटपाच्या दिवशी एका बाईचा दीर पुढे आला, म्हणाला, नाव माझ्या भावाचं आहे, तो नाही तर मी आहे. नियमाने त्याचं बरोबर होतं. आम्ही पोतं त्याला दिलं. ती बाई बाजूला आंब्याखाली पाठीवर पोर बांधून उभी होती. ना रडली, ना भांडली. कुणाच्या नावचा अर्ज कोण घेऊन जातंय हे तिने बघितलं आणि निघून गेली. त्या वाटपाच्या कागदावर सही माझी आहे. पुढच्या हंगामात आम्ही रकाना बदलला, 'शेत कोण कसतं?' असा केला. पण तिला मी परत शोधलं नाही. शोधायला हवं होतं.

त्यामुळे तुझ्या हातात कुठलाही छापील अर्ज आला की आधी तो एखाद्या विधवेच्या नावाने भरून बघ, मग नवरा बेपत्ता असलेल्या बाईच्या नावाने, मग सतरा वर्षांच्या आईच्या. कुठे ना कुठे पेन अडेल. तिथेच तुझं काम आहे.

2005 च्या मतदार नोंदणीचं बघ. पहिले काही दिवस बायका नोंदणीला कमी येत होत्या. जागृतीसाठी पोस्टर छापता आली असती. पण मैदानातल्याच या बायका बाजारात गेल्या आणि भाजीवालीला म्हणाल्या, तू जा नाव नोंदवून ये, तोवर तुझा गाळा मी सांभाळते, पोर इकडे दे. शेवटी नोंदणीत बायकांचं प्रमाण जवळपास निम्म्यावर गेलं. नोव्हेंबरच्या दुसऱ्या फेरीत एलन जॉन्सन सरलीफ निवडून आल्या, आफ्रिकेतल्या पहिल्या निवडून आलेल्या महिला राष्ट्राध्यक्ष. 2011 चं नोबेल ग्बोवी आणि त्यांना, येमेनच्या तवक्कुल करमानबरोबर, मिळालं ते सगळ्यांना माहीत असतं. गाळा सांभाळणारीचं नाव मला कुठेच सापडलं नाही.

तू भारतातून आलास म्हटल्यावर तिकडे लोक तुला आपल्या पोलीस बायकांबद्दल विचारतील. जानेवारी 2007 मध्ये सीआरपीएफच्या बायकांची तुकडी संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेत तिथे गेली, शंभरावर जणी, आणि 2016 पर्यंत तुकड्या बदलत राहिल्या. सगळ्या बायकांची अशी ती जगातली पहिली तुकडी. रात्रीच्या गस्तीत त्यांची गाडी दिसली की मलाच बरं वाटायचं. त्यांच्यामुळे लायबेरियन मुली पोलिसात गेल्या असं म्हणतात. मला ते थोडं खरं वाटतं, थोडं फोटोंचं.

बाँगला गेलास की 'पीस हट' बघशील. तिकडच्या गावात 'पालावा हट' असते, गोल, वरून शाकारलेली. आपल्या चावडीसारखी वडीलधाऱ्या पुरुषांची बसायची जागा. बायकांनी त्याच धर्तीवर स्वतःची काढली. मी बसले होते त्या दिवशी एका नवऱ्याने बायकोचे कसाव्याचे पैसे उचलल्याची तक्रार होती. दोघांना आळीपाळीने बोलू दिलं, मध्ये कुणी तोंड घालायचं नाही. नवरा बोलता बोलता स्वतःच ओशाळला. पैसे किती हप्त्यांत फेडायचे ते ठरलं, आणि त्याला ते सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणायला लावलं. तिथे नुसता बस. डायरी काढू नकोस.

पण एका बाबतीत सावध. बलात्काराची प्रकरणं गावात पैशावर मिटवायची पद्धत आहे. युद्धाच्या आधीपासून आहे, युद्धाने वाढवली. 2005 च्या अखेरीस बलात्काराचा कडक कायदा झाला, पुढे मनरोव्हियात त्यासाठी खास न्यायालयही आलं. पीस हटमधल्या अनुभवी बायका अशी केस हातात घेत नाहीत, सरळ पोलिसाला फोन करतात. एखाद्या गावात 'आम्हीच मिटवलं' असं कौतुकाने सांगितलं, तर त्याची यशोगाथा लिहून वर पाठवू नकोस. वरच्यांना ती फार हवी असते.

प्रशिक्षणाबद्दल एवढंच: आपल्याकडे पापड-लोणची, तिकडे साबण आणि शिलाई. एका गल्लीत चाळीस शिंपिणी झाल्यावर कपडे कोण शिवून घेणार? आधी बाजारात महिनाभर हिंड.

जमिनीचं मात्र नीट शिकून जा. 2018 साली तिथे जमीन हक्काचा कायदा झाला, गावकीच्या जमिनीवर गावाची मालकी मान्य झाली आणि बायकाही त्या गावकीच्या सभासद मानल्या गेल्या. कागद झाला, पण बांधावर मोजणीला कोण उभं राहतं? तुझ्या आजोबांना विचार, शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत त्यांनी आजीचं नाव सातबाऱ्यावर लावलं तेव्हा भावकीत काय झालं. मला ती गोष्ट त्यांनी एकदा सांगितली होती, अर्धीच. पूर्ण ऐकून घे आणि बाँगच्या पुरुषांपुढे ती सांग. तू पुरुष आहेस याचा उपयोग इथेच आहे. बायकांची बैठक त्या घेतील. दीर, सासरे आणि गावच्या 'टाऊन चीफ'पुढे बसायला तू जा.

सामानात गमबूट घे, पुण्यात स्वस्त मिळतात. 'स्मॉल स्मॉल' (थोडं थोडं, हळूहळू) हा शब्द शिक, सगळ्याला चालतो. तांदूळ कपाने मोजून विकतात. आज कप कितीला, हे रोज सकाळी विचारत जा, गावात काय चाललंय ते अहवालांच्या आधी कळेल.

आणि एक काम माझं. रेड लाइटचा बाजार आता ओमेगाकडे हलवलाय म्हणतात. मिरचीवाल्या कुठे बसतात ते बघ. तिचं नाव इथे लिहीत नाही, फोनवर सांगेन. भेटली तर विचार, तिची ती वही अजून चालू आहे का, आणि माझ्या पाचशे लायबेरियन डॉलरचं काय झालं. माझा नंबर यायच्या आत मी विमानात बसले होते.

तुझी,
ताई