विश्वास सोमवारी कुठे जातो?

ताई, तुमचा प्रश्न मला असा समजला: रविवारी उपासनेत मन भरून येतं, पण सोमवारी ऑफिसची घाई सुरू झाली की आपण ख्रिस्ती आहोत याची आठवणही राहत नाही. त्यात उसन्या पैशांवरून धाकट्या बहिणीशी अबोला आहे, साहेब रिपोर्टवर मागची तारीख टाकायला सांगतात, प्रार्थनेला तासभर मिळत नाही आणि सहकाऱ्यांना येशूची सुवार्ता सांगत नाही म्हणून मनाला टोचणी लागली आहे. मंडळीच्या (चर्चच्या) बायबल अभ्यासगटात नोकरदार माणसांबरोबर मी बरीच वर्षं बसत आले आहे. तिथेही हाच प्रश्न फिरून फिरून येतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझं सांगणं एकच आहे. दिवसात आणखी धार्मिक गोष्टी कोंबायच्या मागे लागू नका. जो दिवस वाट्याला आला आहे, त्यातली माणसं, काम, तोंडचा शब्द आणि हातातला पैसा यांतच प्रभूचं ऐकायचं असतं. मन भरून येणं ही देवाची देणगी आहे. ती मिळाली की आभार माना, पण एखाद्या दिवशी मन कोरडं राहिलं म्हणून विश्वास गेला असं समजू नका.

येशूचंच आयुष्य बघा. शुभवर्तमान लिहिणारा लूक सांगतो, सेवेला आरंभ केला तेव्हा तो सुमारे ३० वर्षांचा होता. नासरेथचे लोक त्याला ओळखत होते ते सुतार म्हणून (मार्क ६:३). त्याच्या बाप्तिस्म्याच्या वेळी आकाशातून वाणी झाली की हा माझा प्रिय पुत्र आहे, त्याच्याविषयी मी संतुष्ट आहे. तोवर मार्कच्या शुभवर्तमानात येशूने ना एक चमत्कार केला होता, ना लोकांसमोर एक शब्द शिकवला होता. म्हणजे ज्या आयुष्याविषयी पिता संतुष्ट होता, त्यातली कितीतरी वर्षं लाकूडकामात आणि घरच्या माणसांत गेलेली होती. ऑफिसात जाणारा वेळ देवापासून दूर गेलेला वेळ आहे असं तुम्हाला वाटत असेल, तर हा भाग पुन्हा सावकाश वाचा.

आता बहिणीचं. तुम्ही ते एका ओळीत उरकलंत, पण माझ्या मते तुमच्या सगळ्या प्रश्नांत हाच खरा मोठा आहे. मत्तय ५:२३-२४ आपल्याला पाठ असतं: वेदीजवळ अर्पण आणलं आणि आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेवावं, आधी जाऊन समेट करावा, मग येऊन अर्पण करावं. हे येशू बोलला गालीलात. वेदी होती यरुशलेमेच्या मंदिरात. मधलं अंतर १०० किलोमीटरहून जास्त, पायी जायचं तर तीन-चार दिवस. ऐकणाऱ्या गालीलकराच्या डोळ्यांपुढे काय आलं असेल? इतकं चालून आलो, वेदी समोर आहे, आणि आता अर्पण इथे टाकून परत गावी जायचं, त्या माणसाला भेटायचं आणि पुन्हा सगळी वाट तुडवत यायचं. येशूला हे ठाऊक होतं, तरी तो हेच म्हणाला. शिवाय शब्द नीट बघा. तुमचा राग कुणावर आहे असं तो इथे विचारत नाही. तुमच्यावर कुणाचा राग आहे, ते आठवा म्हणतो.

दुसरं, पैसे परत करायचे राहिलेत असं तुम्हीच लिहिलं आहे. श्रीमंत जकातदार जक्कयाची गोष्ट (लूक १९) मुलांना झाडावर चढलेल्या बुटक्या माणसाची म्हणून सांगतात, पण तिचा गाभा हिशेबात आहे. फसवून घेतलेलं कबूल करणाऱ्याने पूर्ण रक्कम आणि वर पाचवा हिस्सा द्यावा, असा मोशेच्या नियमशास्त्राचा दंडक होता (लेवीय ६:५). चौपट भरपाई होती ती मेंढरू चोरून कापलं किंवा विकलं तर. जक्कयाने स्वतःला ती चौपट लावून घेतली, आणि अर्धी मालमत्ता गरिबांना देईन हे वेगळंच. त्यावर येशू म्हणाला, आज या घराला तारण प्राप्त झालं आहे. तुम्ही कुणाला फसवलेलं नाही, हे मान्य. पण बहिणीसाठी प्रार्थना करत राहायचं आणि तिच्या पैशांचा विषय निघाला की गप्प बसायचं, हे जमणार नाही.

म्हणून फोन करा, मेसेज नको. 'तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी' असं म्हणू नका. त्यात चूक तिच्या वाटण्यावर ढकलली जाते. सरळ म्हणा, 'तुझे पैसे वेळेवर दिले नाहीत, आणि विचारलंस तेव्हा तुलाच बोलले. चुकलं माझं. निम्मे या महिन्यात देते, उरलेले पुढच्या महिन्यात.' पुढे 'पण तूसुद्धा' आलं की सगळं मुसळ केरात. तिने लगेच माफ केलं नाही तरी पैसे ठरल्याप्रमाणे द्यायचेच. रोमकरांस १२:१८ मध्ये प्रेषित पौलही 'शक्य असेल तर, तुमच्याकडून होईल तितकं' असंच म्हणतो. (हे वाचणाऱ्यांपैकी कुणी घरात मारहाण सोसत असेल, तर हे तुमच्यासाठी नाही. क्षमा करणं म्हणजे मार खात राहणं नव्हे. आधी सुरक्षित जागी जा, मदत मागा.)

मागच्या तारखेबद्दल मला शंका नाही: टाकू नका. पण 'मी ख्रिस्ती आहे, मी खोटं लिहीत नाही' असं साहेबांना सुनावूही नका. दानीएल हा बाबेलच्या राजाच्या दरबारात नेलेला यहुदी तरुण. त्याच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात त्याला राजाच्या ताटातलं खायचं नव्हतं. त्याने आरडाओरडा केला नाही. खोजांच्या सरदाराला, म्हणजे दरबारातल्या वरच्या अधिकाऱ्याला, विनंती केली आणि मग त्याने नेमलेल्या कारभाऱ्याला उपाय सुचवला: आम्हाला १० दिवस शाकभाजी आणि पाणी देऊन बघा, मग ठरवा. नकार ठाम होता, पण समोरच्या माणसाची अडचणही त्याने ध्यानात घेतली. तुम्ही म्हणू शकता, 'सर, तारीख आजची टाकते आणि उशीर का झाला ते खाली दोन ओळींत लिहिते, म्हणजे तुमच्यावर काही येणार नाही.' बरेचदा एवढ्यावर भागतं. नाही भागलं तर किंमत मोजावी लागेल, नाराजी ओढवेल, कदाचित बढतीही लांबेल. तसं झालं तर मंडळीतल्या विश्वासू माणसांना आधीच सांगून ठेवा, एकट्याने सोसू नका.

प्रार्थनेला तास मिळत नाही, मग तासाचा हट्ट सोडा. दिदाखे नावाच्या अगदी जुन्या ख्रिस्ती लिखाणात विश्वासणाऱ्यांना येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना दिवसातून तीनदा करायला सांगितली आहे. सावकाश म्हटली तरी मिनिटभर लागतो. सकाळी, दुपारी आणि झोपताना म्हणा, आणि दुपारी 'आमच्या ऋण्यांना सोडलं आहे' या ओळीवर थोडं थांबा. १७व्या शतकात पॅरिसच्या एका मठात ब्रदर लॉरेन्स नावाचे साधे सेवक होते. त्यांच्याकडे स्वयंपाकघराचं काम होतं, आणि ते त्यांना मनापासून नावडतं होतं. तेच करताना देवाशी बोलत राहायची सवय त्यांनी लावून घेतली. पुढे तर प्रार्थनेची वेळ आणि कामाची वेळ यांत त्यांना फरक वाटेनासा झाला. पण पहिली १० वर्षं आपल्याला फार जड गेली, असं त्यांनीच पत्रात लिहून ठेवलं आहे. तेव्हा दोन आठवड्यांत जमलं नाही म्हणून खचू नका.

सुवार्तेची टोचणी मात्र मनातून काढून टाका. १ पेत्र ३:१५ मध्ये उत्तर द्यायची तयारी ठेवा म्हटलं आहे ती विचारणाऱ्यासाठी, आणि तेही सौम्यतेने. कुणी विचारलं तर संकोच न करता येशूचं नाव घ्या. विचारलं नाही तर त्या सहकाऱ्याचं काम अडलं असताना मदत करा, त्याच्यामागे त्याची निंदा चालू असेल तर त्यात बोलू नका, आणि रात्री त्याच्यासाठी नावानिशी प्रार्थना करा.

काय वाचू, असंही विचारलं होतंत. याकोबाचं पत्र घ्या. पाच अध्याय, १०८ वचनं. एका बैठकीत संपवू नका, एक अध्याय आठवडाभर पुरवा. रोज तोच अध्याय वाचायचा आणि त्यातलं एखादं वचन त्या दिवशी करून बघायचं. तिसऱ्या आठवड्यात जिभेचा अध्याय येईल, तो हवा तर दोन आठवडे चालू द्या.