यूरिया टाकू नका, आधी लॉनचा एक कोपरा उचलून बघा

तुमची पोस्ट वाचली आणि 2017 सालचं माझं अंगण डोळ्यांसमोर आलं. तुम्ही तळेगावात 600 चौरस फूट मेक्सिकन कार्पेट (लॉनचं गवत, मातीसकट तयार लाद्यांमध्ये मिळतं ते) लावलं, अठरा दिवसांत गेटजवळचा भाग पिवळा पडला, बाकीचं हिरवंगार आहे, आणि नर्सरीवाला म्हणतो "पाणी वाढवा, यूरिया मारा". मलाही शब्दशः हेच सांगितलं होतं आणि मी ते ऐकलं. कृपा करून तुम्ही ऐकू नका.

मी शेतकी शिकलेलो नाही, बँकेत नोकरी केली. तेव्हा हे एका घराच्या अनुभवावरून आहे असं समजा. तुमची जमीन वेगळी असू शकते.

लाद्या सांध्याला सांधा न येऊ देता लावणं, रोलर फिरवणं हे तुमच्या माणसाने केलंच असेल, त्यात जात नाही. तुम्ही लिहिलंय की पिवळा पट्टा "साधारण गोल" आहे. माझे कान तिथेच टवकारले. पाणी कमी पडलं तर कडा आणि सांधे आधी वाळतात, कारण नर्सरीतून लादीबरोबर येणारी काळी माती सुकली की आखडते आणि फटी पडतात. गोल डाग पडला तर खाली काय आहे ते बघायला हवं.

एका कडेने लादी हलकेच उचला. अठरा दिवसांत मुळं धरलेली असतील तर ती सहज येत नाही, ओढ लागते. माझी लादी दीड महिन्यानंतरही तव्यावरची पोळी उलटावी तशी अलगद उठली. खाली पांढरी मुळं होती, पण ती खाली गेलीच नव्हती. दीड इंचावर जाऊन काटकोनात वळली होती आणि शेवया पसराव्यात तशी आडवी पसरली होती. त्याखाली राखाडी, गुळगुळीत थर. पहार मारली तर ठण्ण आवाज आला. आई पायरीवर बसली होती, ती म्हणाली, "अरे, इथंच तर ते माल कालवायचे." बांधकाम चालू असताना ती रोज चक्कर मारायची, तिच्या लक्षात होतं. वर्षभर त्याच जागी सिमेंट-वाळू कालवली, घमेली धुतली, ते पाणी तिथेच मुरलं. शेवटी कॉन्ट्रॅक्टरने वर दोन इंच लाल माती पसरून लेव्हल करून दिलं. वरून दिसायला सुरेख.

यात दोन दुखणी एकदम होतात. पाणी खाली जात नाही, त्यामुळे जास्त पाणी घातलं की मुळं कुजतात. शिवाय सिमेंटमधल्या चुन्याने मातीचा सामू (pH) चढतो आणि जमिनीत लोह असूनही गवताला मिळत नाही. हे ओळखायची खूण आहे. नत्र (यूरियातून मिळतं ते) कमी असेल तर जुनी, खालची पाती आधी पिवळी होतात. लोहाची कमतरता असेल तर कोवळी पाती पिवळी पडतात आणि शिरा हिरव्या राहतात, पात्यावर बारीक रेघा ओढल्यासारख्या. चष्मा लावून बघा.

आता माझी चूक. ही लादी मी सातव्या आठवड्यात उचलली, पहिल्या आठवड्यात नाही. मधल्या काळात एका माती तपासणी कार्यालयात खेटे घालत होतो. पहिल्या दिवशी साहेब नव्हते. दुसऱ्यांदा गेलो तर सातबारा मागितला. म्हटलं, घराचा प्लॉट आहे, माझ्याकडे प्रॉपर्टी कार्ड आहे. तर म्हणे, पीक कोणतं लिहू? लॉन हे पीक यादीत नाही. पैसे भरतो म्हटलं तरी नमुन्याची पिशवी हातातही घेतली नाही. तिसऱ्यांदा "पुढच्या महिन्यात या". पाच आठवडे गेले. माझं नुकसान त्यांच्या नकाराने झालं नाही, मी रिपोर्टची वाट बघत बसलो त्याने झालं. तोवर हाताशी काहीतरी करावं म्हणून भर एप्रिलमध्ये दोनदा यूरिया टाकला. जे जगलं असतं तेही करपलं. नंतर खासगी लॅबमध्ये केलं तर सामू 8.9. लावून 28 रुपये फुटाने घेतलेलं 700 फुटांपैकी जवळजवळ 300 फूट काढून टाकलं. खुरपं घेऊन अर्ध्या तासात जे कळलं असतं त्यासाठी मी शिक्क्याच्या कागदाची वाट बघत होतो, याचा मला आजही राग येतो.

लादी उचलल्यावर तिथेच फूटभर खोल खड्डा करा, पाण्याने भरा, जिरू द्या, परत भरा. दुसरं पाणी चार-पाच तासांत उतरलं तर निचरा ठीक आहे. सकाळपर्यंत तसंच राहिलं तर खाली कोबा आहे असंच धरा. लिंबू पिळून माती फसफसते का बघा असं कोणी सांगेल, पण आपल्याकडच्या काळ्या मातीतही चुनखडी असते, थोडं फसफसलं म्हणून लगेच निष्कर्ष काढू नका.

थर निघाला तर माझं मत स्पष्ट आहे: खणून काढा. जिप्सम सुचवणारे भेटतील. जिप्सम चोपण (सोडियम जास्त झालेल्या) जमिनीसाठी, सिमेंटच्या थराला त्याचा उपयोग नाही. आम्ही नऊ इंच खणलं, दोन ट्रॉल्या राडारोडा निघाला, तळ टिकावाने मोकळा केला आणि पोयटा, थोडी वाळू, पूर्ण कुजलेलं शेणखत भरलं. "पूर्ण कुजलेलं" यावर जोर देतोय, कच्च्या शेणखतातून हुमणी (मातीतली पांढरी अळी) येते आणि ती मुळंच खाते. नवीन लाद्या पाऊस स्थिरावल्यावर, जुलैत लावल्या. मेक्सिकन म्हणून मिळतं ते बहुधा झॉयसिया असतं, हरळीसारखं धावत नाही, त्यामुळे "आपोआप भरून येईल" या भरवशावर मोकळी जागा सोडू नका.

थर नसेल आणि फक्त रेघा दिसत असतील, तर हिराकस (फेरस सल्फेट, म्हणजे लोहाचं खत) लिटरला 5 ग्रॅम, संध्याकाळी फवारा. जमिनीत टाकून चुनखडीच्या मातीत फारसा उपयोग होत नाही. फरशी आधी ओली करून झाका, नाहीतर गंजासारखे डाग पडतात. आमच्या पायरीवरचे अजून आहेत.

पाण्याचं म्हणाल तर 100 चौरस फुटांवर एक इंच पाणी म्हणजे साधारण 235 लिटर. तुम्ही "रोज तीन वेळा, अर्धा तास" लिहिलंय, तो पाइप एकदा बादलीत धरून मोजा. मला वाटतं तुम्ही बरंच जास्त देताय. ज्या लाद्यांनी मूळ धरलंय तिथे आता एक दिवसाआड, पण खोल.

आणि कॉन्ट्रॅक्टरला विचारा की माल कुठे कालवत होते. तो आठवत नाही म्हणेल, शेजाऱ्यांना विचारा. मग लादीच्या खालच्या बाजूचा फोटो टाका, वरून काढलेले चार आहेत त्यातून काही कळत नाही.